न चिरता खडा काढण्याचा इतिहास

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव गेल्या वीस वर्षांत दोन गोष्टींमुळे दूरवर ओळखले जाऊ लागले. पहिली गोष्ट म्हणजे कामगारांची घरकुले. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठी येथे उभारलेल्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचे लोकार्पण २००६ साली झाले, आणि त्यानंतर याच परिसरात आकाराला आलेल्या रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या स्वाधीन करण्यात आली. दुसरी गोष्ट म्हणजे २००७ साली येथे सुरू झालेले अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्यांची आणि यंत्रमागावर खपणाऱ्यांची वस्ती व शिकवणारे रुग्णालय ही दोन्ही एकाच शिवारात यावीत, ही महाराष्ट्रात सहसा न आढळणारी जुळणी आहे. मूत्रमार्गाच्या व प्रोस्टेटच्या ‘बिनटाक्याच्या’ शस्त्रक्रियेचा इतिहास अशा ठिकाणी उभे राहून वाचला, तर तो केवळ उपकरणांचा इतिहास राहत नाही, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जखम किती बोटांची झाली यापेक्षा तो किती दिवस कामाला मुकला हा प्रश्न मोठा असतो.

शरीरावर मोठा छेद न घेता, नैसर्गिक मार्गाने किंवा अगदी लहान छिद्रातून उपकरण आत नेऊन केलेल्या शस्त्रक्रियेला शास्त्रीय भाषेत अल्पछेदी शस्त्रक्रिया म्हणता येईल, परंतु रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेले नातेवाईक तिला ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, आणि हाच शब्द अधिक अर्थवाही आहे. दुर्बीण हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ दूरचे पाहणारी वस्तू असा आहे. मराठीने तो देहाच्या आत, अगदी जवळ असूनही डोळ्याला कधी न दिसणाऱ्या जागा पाहणाऱ्या नळीला दिला, आणि त्यात एक मोठे ऐतिहासिक सत्य नकळत पकडले: या शस्त्रक्रियेची खरी अडचण कापण्याची नव्हती, पाहण्याची होती.

सोलापूर जिल्ह्यातील कोरडी हवा, उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारा पारा आणि पाण्याची जुनी टंचाई या गोष्टी मुतखड्याला पोषक आहेत. घामावाटे पाणी गेले आणि ते भरून निघाले नाही की लघवी दाट होते, तिच्यात विरघळलेले कॅल्शियम, ऑक्झॅलेट, युरिक आम्ल यांसारखे क्षार स्फटिकरूपाने वेगळे होतात, आणि एकावर एक थर चढून त्यांचा खडा बनतो. लोकभाषेने या व्याधींची बारीक वर्गवारी पूर्वीच केली होती: जळजळ होऊन थेंबथेंब लघवी होणे म्हणजे ‘उन्हाळी लागणे’, पाठीपासून जांघेपर्यंत उठणारी कळ म्हणजे मुतखड्याची, आणि म्हाताऱ्या माणसाची लघवी अजिबात न होणे म्हणजे ‘तुंबणे’. त्यावरचे उपायही घरचेच होते. गोखरू, पाषाणभेद, वायवर्ण्याची साल यांचे काढे आणि सोलापूर-मराठवाड्याच्या स्वयंपाकात मुरलेले हुलग्याचे माडगे यांवर लोकांचा विश्वास होता. या उपायांनी लघवीचे प्रमाण वाढून बारीक खडे वाहून जाण्यास मदत होत असली पाहिजे, परंतु सुपारीएवढा खडा काढ्याने विरघळत नाही, हे वैद्यांनाही ठाऊक होते.

ते ठाऊक असल्यामुळेच सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे सविस्तर वर्णन आले. निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अश्मरीचे, म्हणजे खड्याचे, चार प्रकार सांगितले आहेत आणि चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्राशयातील खडा काढण्याची कृती दिली आहे. रुग्णाला एका धीट व बळकट माणसाच्या मांडीवर टेकवून, गुडघे व कोपरे दुमडून बांधावे. नाभीखालचा भाग मुठीने दाबून खडा खाली आणावा. वैद्याने डाव्या हाताची नखे काढलेली व तेल लावलेली दोन बोटे गुदद्वारातून आत घालून तो खडा गाठीसारखा वर उचलून धरावा, आणि मग सेवनीच्या, म्हणजे मधल्या शिवणीच्या, डाव्या बाजूला जवभर अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यावा, असा तो क्रम आहे. खडा फुटू न देता टोकाशी वाकवलेल्या सळईने पूर्ण बाहेर काढावा, कारण मागे राहिलेला कणही पुन्हा वाढतो, असा इशारा तेथे आहे. शस्त्र लागता कामा नये अशा जागांची यादीही आहे. नंतर रुग्णाला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे असे सांगितले आहे.

या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र कृतीच्या आधी येते. शस्त्रकर्म न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून वैद्याने राजाची अनुमती घेऊनच या कामाला हात घालावा, असे संहिता सांगते. इतक्या कुशल परंपरेला एवढी भीती का वाटावी, याचे उत्तर त्या दोन बोटांत आहे. वैद्याची बोटे हीच त्याची दृष्टी होती. खड्याचा आकार, त्याची जागा, भोवतालच्या नाजूक नलिका हे सारे त्याला स्पर्शाने ताडावे लागे. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत खडा काढणारे शल्यविशारद याच भागातून, असाच चाचपडत छेद घेत होते.

प्रोस्टेटची हकिकत वेगळी आहे, कारण तेथे बोटालाही फारसे काही करता येत नव्हते. प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेभोवती कड्यासारखी असते. साधारण पन्नाशीनंतर तिचा आतला भाग वाढू लागतो, आणि ही वाढ कर्करोगाची नसली तरी मधली वाट आवळली जाते. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार आहेत. त्यांतील वाताष्ठीला व मूत्रग्रंथी यांच्या वर्णनातील घट्ट गाठ व अडलेले मूत्र पाहता प्राचीन वैद्यांना ही अवस्था रुग्णांत दिसत होती असे मानण्यास जागा आहे, परंतु ती ग्रंथी म्हणून वेगळी ओळखली गेली होती असे म्हणणे मात्र ओढाताणीचे होईल. शलाका घालून लघवी मोकळी करणे यापलीकडे उपाय नव्हता, आणि शतकानुशतके म्हातारपणाचा भोग म्हणूनच हे दुखणे सोसले गेले.

खडा शरीर न चिरता आतल्या आत फोडता येईल, हे १८२४ साली पॅरिसमध्ये जाँ सिव्हियाल याने जिवंत रुग्णावर करून दाखवले. मूत्रनलिकेतून आत नेलेल्या लिथोट्राइट नावाच्या चिमट्यासारख्या यंत्राने तो खडा पकडून त्याचा भुगा करी आणि तो भुगा रुग्णाच्या लघवीवाटे हळूहळू पडू देई, मात्र त्यासाठी रुग्णाला पुनःपुन्हा टेबलावर यावे लागे. १८७८ साली बोस्टनच्या हेन्री बिगेलो याने रुंद नळी आणि रबरी फुग्याच्या साहाय्याने सगळा भुगा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची पद्धत मांडली, आणि तिला लिथोलॅपॅक्सी हे नाव पडले. या पद्धतीच्या वाढीत भारताचा वाटा मोठा आहे. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेला सिंध हा मूत्राशयातील खड्यांसाठी कुप्रसिद्ध होता, आणि उत्तरेकडील प्रांतांतही असे रुग्ण, विशेषतः लहान मुले, मोठ्या संख्येने येत. होळकरांच्या इंदूरमध्ये रेसिडेन्सी सर्जन असलेल्या कीगन याने १८८० च्या दशकात दाखवून दिले की लहान मुलाच्या अरुंद मूत्रनलिकेतूनही हे यंत्र सुरक्षितपणे नेता येते. युरोपातील जाणकारांचा तोवर याच्या उलट समज होता. संख्येने अफाट रुग्ण पाहणाऱ्या एका मराठी संस्थानातील दवाखान्याने मुलांच्या बाबतीत चाकू बाजूला ठेवायला जगाला शिकवले, ही गोष्ट आपल्या वैद्यकीय इतिहासात जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही.

भारतीय वैद्यकीय सेवेतील पीटर फ्रेयर हाही याच काळात उत्तर हिंदुस्थानात शेकडो खडे फोडून नावारूपाला आला. निवृत्त होऊन लंडनला परतल्यावर १९०० साली त्याने ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयात बोट घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग समूळ सोडवून काढला आणि पुढच्या वर्षी ही पद्धत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कच्या फुलर याने हे आपण आधीच केले असल्याचा दावा केल्याने श्रेयाचा वाद बराच रंगला, तथापि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेला वैद्यकात प्रतिष्ठा मिळाली ती फ्रेयरमुळे, हे मान्य करावे लागते. ओल्या नारळाची अख्खी वाटी करवंटीतून सोडवावी तसे हे काम होते. तेही आंधळे होते, बोटाच्या भरवशावर चालणारे, आणि रक्तस्रावाचे मोल रुग्णाला द्यावे लागणारे.

प्रकाश आत नेण्याचे प्रयत्न मात्र समांतर चालू होते. १८०६ च्या सुमारास फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनीने मेणबत्तीचा उजेड आरशाच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत सोडणारे उपकरण बनवले, पण त्याचा उपयोग झाला नाही. मूत्राशयाचा आतला भाग स्पष्ट दिसावा असे पहिले उपकरण, म्हणजे सिस्टोस्कोप, मॅक्स नित्झे याने १८७७ साली तयार करून १८७९ मध्ये व्हिएन्नात सादर केले. त्याच्या टोकाशी प्लॅटिनमची तापलेली तार असे आणि ती थंड ठेवण्यासाठी सतत पाणी फिरवावे लागे. एडिसनचा विजेचा दिवा निघाल्यावर त्याचे चिमुकले रूप नळीच्या टोकावर बसले आणि ही कटकट संपली. १९१० साली न्यूयॉर्कच्या एडविन बीअर याने याच नळीतून विजेचा प्रवाह नेऊन मूत्राशयातील गाठी जाळल्या. मूत्राशयाच्या कर्करोगाचा संबंध रंगाच्या कारखान्यांशी असल्याचे लुडविग रेन याने १८९५ मध्येच दाखवले होते, आणि धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. सूतरंगाई आणि विडी या दोन्ही धंद्यांवर वाढलेल्या सोलापूरला हा भाग परका वाटू नये.

१९२६ साली मॅक्सिमिलियन स्टर्न याने रिसेक्टोस्कोप बनवला आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी जोसेफ मॅकार्थी याने तो सुधारला. मूत्रनलिकेतून नेलेल्या नळीच्या टोकाशी तारेचे एक कडे असते, त्यात विजेचा प्रवाह सोडला की प्रोस्टेटच्या वाढलेल्या भागाचे पातळ काप निघतात, ते पाण्याबरोबर धुऊन बाहेर काढले जातात आणि त्याच तारेने रक्तवाहिन्यांची तोंडे बंद केली जातात. डॉक्टर जिला ‘टीयूआरपी’ म्हणतात ती हीच शस्त्रक्रिया. नारळाचीच उपमा पुढे न्यायची तर फ्रेयरने जी वाटी अख्खी सोडवली, ती येथे विळीवर खोवून काढली जाते. पोटावर टाका नाही, छेद नाही. धोका मात्र होता, कारण धुण्यासाठी वापरलेले क्षारविरहित पाणी उघड्या शिरांतून रक्तात शोषले गेले तर रक्तातील सोडियम घटून रुग्ण गोंधळू लागे, म्हणून हे काम साधारण तासाभरात उरकावे लागे. पुढे द्विध्रुवीय प्रवाह आला आणि सलाइन वापरता येऊ लागले, तेव्हा हे भय बरेच कमी झाले. दृष्टी खऱ्या अर्थाने स्वच्छ झाली ती हॅरॉल्ड हॉपकिन्समुळे. मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांच्यासह त्याने १९५४ साली काचेच्या तंतूंतून प्रतिमा नेण्याचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि नंतर नळीत भिंगांऐवजी काचेच्या दांड्या बसवण्याची युक्ती काढली. आजच्या दुर्बिणीचा उजेड व स्पष्टपणा या दोन शोधांवर उभा आहे.

हे सारे सोलापूरपर्यंत कसे आले, हा प्रश्न अंतराचा तितकाच शिक्षणाचाही होता. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८४५ मध्ये सुरू झालेले मुंबईचे जे. जे. रुग्णालय रुग्णाच्या आवाक्यात आले. १९२६ नंतर केईएमची भर पडली. तरीही ही विद्या दीर्घकाळ मुंबईतील मोजक्या हातांत राहिली. तिला भारतात स्वतंत्र शाखेचे रूप देणाऱ्यांत मुंबईचे डॉ. जी. एम. फडके अग्रणी होते, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या मूत्रशल्यतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. सोलापुरात १९६३ साली डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी घटना होती. शिकवणाऱ्या संस्थेभोवती शल्यचिकित्सक घडतात, भूलतज्ज्ञ राहतात, क्ष-किरण यंत्रे येतात, आणि या तीन गोष्टींवाचून दुर्बीण ही कपाटातील शोभेची वस्तू ठरते. कुंभारीचे महाविद्यालय त्याच परंपरेतले पुढचे पाऊल आहे.

या मधल्या काळात रोगानेही आपली जागा बदलली. मूत्राशयातील खडे हे पुष्कळदा केवळ धान्यावर वाढणाऱ्या, दूध व प्रथिने न मिळणाऱ्या मुलांचे दुखणे होते. आहार सुधारला तसे ते मागे पडले, आणि मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडातील खडे पुढे आले. मूत्रपिंड बरगड्यांच्या आड, पाठीच्या स्नायूंखाली दडलेले असल्यामुळे ही शस्त्रक्रिया अधिक अवघड होती. कुशीवर वीतभर छेद, प्रसंगी बरगडीचा तुकडा काढणे, आणि त्यानंतर कित्येक आठवडे जड काम बंद, असा तिचा हिशेब होता. खडे पुन्हा होतात, म्हणून काही रुग्णांच्या कुशीवर असे दोन-दोन व्रण पडत.

यावर १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीतून मूत्रपिंडात केलेल्या छिद्राची वाट काढली. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई खड्यापर्यंत नेतात, तिच्या वाटेवर एकाहून एक जाड नळ्या सरकवून सुमारे एक सेंटिमीटरचा बोगदा करतात, आणि त्यातून दुर्बीण घालून खडा फोडून काढतात. पीसीएनएल या आद्याक्षरांनी ही पद्धत आता जिल्ह्याजिल्ह्यांत परिचित आहे. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियन शॉसी यांच्या चमूने त्याही पुढे जाऊन शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी मूत्रपिंडातील खडा फोडला. डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी अतिवेगवान विमानांवर होणाऱ्या आघातांचा केलेला अभ्यास या यंत्राच्या मुळाशी होता. त्याच दशकात मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या मूत्रवाहिनीत शिरणारी बारीक दुर्बीण रूढ झाली, आणि पुढे होल्मियम लेसरचा किरण केसासारख्या तंतूतून तिच्यात सोडता येऊ लागला.

प्रोस्टेटच्या बाबतीत या लेसरने एक जुने वर्तुळ पूर्ण केले. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत वाढलेला भाग खोवला जात नाही. लेसरच्या साहाय्याने तो करवंटीपासून अख्खा सोडवला जातो, मूत्राशयात ढकलला जातो आणि तेथे त्याचे बारीक तुकडे करून ओढून घेतला जातो. फ्रेयरच्या बोटाने जे साधले तेच येथे साधते, फरक इतकाच की आता ते उजेडात आणि पोट न उघडता होते. नव्या औषधांमुळे बऱ्याच जणांवर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तंत्र जिल्ह्यात आले म्हणजे ते कामगाराच्या घरात आले असे होत नाही. या दृष्टीने २ जुलै २०१२ ही तारीख म्युनिकच्या तारखेपेक्षा सोलापूरकरांना अधिक जवळची आहे. त्या दिवशी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पात्र कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ९७२ उपचार मोफत मिळू लागले आणि त्यांत मूत्रमार्गाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांचाही समावेश होता. हीच योजना पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू राहिली. विडी वळणारी स्त्री कुशीवरच्या वीतभर जखमेमुळे महिनाभर सूप पुढ्यात घेऊन बसू शकली नाही, तर घरातील मजुरी तेवढ्या दिवसांपुरती थांबते. तीच स्त्री दोन-चार दिवसांत घरी परतली, तर थांबत नाही. शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत हा हिशेब आढळत नाही, पण अल्पछेदी शस्त्रक्रियेचे खरे मोल कुंभारीसारख्या गावात याच मापाने ठरते.

या पद्धतीने एक नवी जबाबदारी मात्र रुग्णावर टाकली आहे. दुर्बिणीने खडा काढल्यावर मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये, म्हणून तिच्यात दोन्ही टोके वळवलेली एक मऊ नळी काही आठवडे ठेवली जाते. १९७८ पासून वापरात असलेल्या या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. बाहेर कोठेही टाका दिसत नाही, कळ थांबलेली असते, मजुरी पुन्हा सुरू झालेली असते, आणि आत नळी आहे हेच विसरले जाते. महिनोन्‌महिने राहिलेल्या अशा नळीवर क्षारांचे थर चढतात, ती स्वतःच खडा बनते आणि कधीकधी मूत्रपिंडही निकामी करते. मागे राहिलेला कणही वाढतो, हा सुश्रुताचा इशारा आजही असा लागू आहे. नळी काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असते. दुखणे असो वा नसो, त्या तारखेला रुग्णाने परत यावे आणि घरच्यांनी त्याला घेऊन यावे.